खाचेची उजवी भिंत

डोळे मीट बघू. मिटलेस? आता असं समज, की तू मुंगीहूनही लहान आहेस. तुझ्यासमोर एक बोळ आहे. सरळ नाही, मोठ्या वर्तुळात वळत वळत आत जाणारा. डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला भिंत. भिंतींवरून हात फिरवलास, तर कळेल की त्या गुळगुळीत नाहीत. ओहोटीनंतर ओल्या रेतीवर जशा बारीक लाटा उमटलेल्या असतात, तशा लाटा आहेत त्यांच्यावर. त्या लाटा म्हणजे एका बाईचा आवाज. आणि तो बोळ म्हणजे गाण्याच्या जुन्या रेकॉर्डवरची खाच. सुई त्या खाचेतून दोन्ही भिंतींना अंग घासत चालते, भिंती हलवतील तशी हलते, आणि तिचं ते हलणंच पुढे मोठं होऊन आपल्याला ऐकू येतं.

आता त्याच बोळातून कुणी वर्षानुवर्षं दगडांनी भरलेली गाडी ओढत नेली, तर भिंतींचं काय होईल? विचार करून ठेव. डोळे उघड.

"राहू द्या, गुरुजी. वजन पायजे. नायतर उडते ती."

पंढरी तामोरेंनी खिशातून जुना जाड रुपया काढून माझ्या रेकॉर्ड प्लेयरच्या दांड्यावर, अगदी सुईच्या डोक्यावर ठेवला होता. मी नवी सुई बसवून, दांड्याचं वजन काट्यावर तोलून हात पुसत होतो, तेवढ्यात त्यांनी ते केलं. घरी आल्यावर माणूस चप्पल काढतो, तितक्या सहज.

"आजा," त्यांची नात मोनाली म्हणाली, "इथे कोण नाचतंय?"

पंढरींनी माझ्या खोलीकडे पाहिलं. पुस्तकांचं कपाट, खुर्ची, बंद केलेला पंखा, आणि मोड्यावर चहा पीत बसलेला मेहुल. नाचणारं खरंच कुणी नव्हतं. त्यांनी रुपया उचलला आणि खिशात टाकला, पण हात खिशावरच ठेवला.

पंढरी समुद्रकाठच्या दांडी गावचे कोळी. बोटीवर गेले नाहीत. लहानपणापासून त्यांना यंत्रांचा नाद. तारापूरपासून आमच्या इकडच्या माहीमपर्यंत किनाऱ्यावरच्या गावांत लग्न असलं, की त्यांचे लाउडस्पीकरचे भोंगे ताडाच्या झाडांवर चढायचे. ते स्वतःच चढायचे, कमरेला दोर बांधून. दांडीच्या शाळेत मी नवा मास्तर होतो तेव्हापासून त्यांना ओळखतो. हळदीला अख्खा मांडव नाचायला लागला, की जमीन हादरायची आणि सुई रेकॉर्डवरून उडून भलतीकडे पडायची. मग नाचणारे ओरडायचे. म्हणून तो रुपया. तेव्हाचे सगळेच स्पीकरवाले असं करायचे. वजन ठेवलं की सुई जागची हलत नसे, आणि तेवढंच त्यांना हवं असे.

माझ्या टेबलावर आता जी छोटी रेकॉर्ड होती, तिच्यावर पंढरींच्या बायकोचा आवाज होता. नर्मदा तामोरे. त्या धवलारीण होत्या. लग्नात हळद लागताना, मांडवात देवांना बोलावताना जी बाई धवला गाते, ती धवलारीण. तिने सुरुवात केल्याशिवाय बाकीच्या बाया तोंड उघडत नाहीत. एकदा कुणी एक माणूस मुंबईहून गाणी गोळा करत किनाऱ्याने फिरत आला, आणि नर्मदाबाई आणि त्यांची जोडीदारीण साखरबाई यांना घेऊन गेला. त्यातून ही एकच रेकॉर्ड निघाली. साखरबाई आता नाहीत. नर्मदाबाईंच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा मोनालीचा जन्मही झाला नव्हता. त्या ऑपरेशनने जीव वाचला, आवाज गेला. कुजबुजताही येत नाही. गळ्याभोवती सुती रुमाल बांधतात आणि नुसते ओठ हलवून बोलतात. ते ओठ घरात सगळ्यांना थोडे थोडे वाचता येतात. मोनालीला पूर्ण. बाजारात आजी भाव करते आणि नात तो मोठ्याने सांगते, अशी त्यांची जोडी दांडीत प्रसिद्ध आहे.

आता मोनालीची मोठी चुलतबहीण भावना हिचं लग्न आलं होतं. ती बोईसरच्या एका कंपनीत नोकरीला आहे, हसरी पण हट्टी. तिने सांगून टाकलं होतं, की आजीचा धवला झाल्याशिवाय मी हळदीच्या पाटावर बसणार नाही. आणि नर्मदाबाईंनी ओठांनी उत्तर दिलं होतं, की मग मी मागच्या अंगणात मासळी साफ करायला बसेन, मांडवात मुकी बसणार नाही.

पंढरी दोघींच्या मध्ये. म्हणून ही रेकॉर्ड, मांडवात वाजवायला.

"आधी आमच्या घरच्या विपुलने फोन धरला रेकॉर्डसमोर," मोनाली मला सांगत होती. "त्यात आमच्या कोंबड्याच जास्त. मग मेहुलदादाकडे नेली."

मेहुल माझा जुना विद्यार्थी. बोईसर स्टेशनजवळ त्याचा छोटा स्टुडिओ आहे. जाहिराती, वाढदिवसाची गाणी, असलं रेकॉर्डिंग करतो. तो खाली बघत म्हणाला, "सर, मी कॉम्प्युटरने खरखर काढली. पूर्ण काढली. मला वाटलं एकदम बढिया झालं."

"आजीने ऐकलं," मोनाली म्हणाली. "मग छातीवर हात ठेवला आणि असा हलवला. म्हंजे, ही मी नाय."

मेहुलने ते मलाही ऐकवलं. खरखर नव्हती हे खरं. पण आवाज पाण्याच्या पिंपात तोंड घालून गायल्यासारखा येत होता. बांगड्यांची किणकिण गेली होती, दोन ओळींमधला श्वास गेला होता. खरखर काढताना कॉम्प्युटरला कळत नाही, की कुठला कचरा आणि कुठला माणूस. त्याने दोन्ही झाडून टाकलं होतं.

"आपण उलटं करू," मी म्हणालो. "नंतर साफ करण्याऐवजी आधी साफ करू. रेकॉर्डमधून जेवढं चांगलं निघेल तेवढं आधी काढू. कॉम्प्युटरचं काम शेवटी, आणि थोडंसंच."

मोनालीला मी बाटलीतलं बॅटरीचं शुद्ध पाणी दिलं, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, आणि मऊ केसांचा ब्रश. "खाच जशी गोल फिरते तसा ब्रश फिरवायचा. आडवा नाही. आडवा फिरवलास तर भिंती ओरबाडतील. मधल्या कागदाला पाणी लावायचं नाही."

ती जीभ दातांत धरून ब्रश फिरवत राहिली. मग मी मऊ कापडाने पाणी टिपून घेतलं. ते कापड तिने उजेडात धरलं.

"सर, पिवळं आलंय."

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. काळी धूळ होती, रेतीचे बारीक कण होते, आणि त्यांच्यात खरंच पिवळा डाग होता. पंढरींनी कापड नाकाशी नेलं. मग हसले.

"हळद. हळद लागल्या हातांनी रेकॉर्ड मागायच्या पोरी. हीच लाव, हीच लाव. नर्मदाची लावल्याशिवाय सोडत नसत. मी पण लावायचो. का नाय लावणार? माझीच बायको गातेय, सगळा किनारा ऐकतोय."

कापड पुन्हा पुन्हा बदललं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग रेकॉर्ड पूर्ण सुकू दिली. फ्रीज बंद केला, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवले. कंपनीच्या शिफ्टची बस बाहेर थांबून हॉर्न देत होती, ती जाईपर्यंत थांबलो. प्लेयर कॉम्प्युटरला जोडला, आणि त्यात भरायच्या आवाजाची पातळी मी मुद्दाम कमी ठेवली. भांडं काठोकाठ भरलं की सांडतं, आणि सांडलेला आवाज परत भरता येत नाही. कमी भरलेला नंतर वाढवता येतो.

सुई टेकली.

बांगड्या ऐकू आल्या. श्वास ऐकू आला. पण त्या सगळ्यावर कढईत ओले बोंबील टाकल्यासारखा तडतडाट. पहिल्यापेक्षा कमी, तरी इतका, की मागची बाई कुठून तरी लांबून, वाऱ्याच्या पलीकडून हाक मारतेय असं वाटावं. आम्ही शेवटपर्यंत ऐकलं. आतल्या टोकाशी, मधल्या कागदाजवळ, सुई उडाली आणि शेवटचं कडवं राहिलंच. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा त्याच जागी उडाली. तिथे खाच इतकी झिजली होती, की बोळाला भिंतीच उरल्या नव्हत्या.

मेहुलने मान हलवली. मीही मनात हात टेकले होते. मास्तरांनी असं कबूल करू नये, पण खरं ते खरं.

"द्या मला," पंढरी म्हणाले. त्यांनी माझे मोठे हेडफोन कानांवर चढवले आणि रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावायला सांगितलं. ऐकता ऐकता त्यांची मान हळूहळू डोलायला लागली. डोळे मिटले. एका जागी ते हसले, बहुधा त्यांची बायको तिथे जास्त उंच चढली असावी. मग हेडफोन काढून म्हणाले, "साफ हाय."

मेहुलने माझ्याकडे पाहिलं. "काका, साफ कुठे? भजी तळतायत नुसती."

"नाय. साफ हाय. थोडी धूळ हाय, पण नर्मदा साफ हाय."

"मनात जुना आवाज आहे ना त्यांच्या," मेहुल मला हळूच म्हणाला. "तोच ऐकतात ते."

मलाही तसंच वाटलं. आपल्या माणसाचा आवाज ऐकायला कानांची गरज थोडीच लागते, असं काहीतरी मी मनातल्या मनात म्हणून टाकलं. छान वाक्य होतं. चुकीचं होतं.

"आजा खोटं नाय बोलत," मोनाली म्हणाली.

"खोटं कुणी म्हटलं, बाळ?"

"मग त्याला साफ येतं तर साफ हाय." ती भुवया जोडून बसली. मग उठून आजोबांच्या डाव्या बाजूला गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आजा, चहा पाहिजे?"

पंढरी समोर बघत राहिले.

ती उजवीकडे गेली. "आजा, चहा?"

"नको गं. मगाशी प्यालो."

"याचा डावा कान गेलाय, सर. भोंग्याखाली उभा राहून राहून. आमी सगळे इकडूनच बोलतो याच्याशी." तिने हेडफोन उचलले, उलटे केले, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे, आणि आजोबांच्या डोक्यावर चढवले. "आता ऐक."

दोन क्षण गेले आणि पंढरींनी हेडफोन ओढूनच काढले. "हे काय लावलंस? ही तर तळणी."

"तेच लावलंय."

"चल. हे दुसरं."

"तेच हाय, आजा. नुसतं उलटं केलंय."

मेहुलने चहाचा कप खाली ठेवला.

मोनालीने हेडफोन पुन्हा सुलटे केले आणि स्वतःच्या डोक्यावर घातले. डाव्या कानावरचा तिने वर सरकवला, फक्त उजवा ठेवला. मी रेकॉर्डिंग सुरू केलं. खोलीत आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त तिचा चेहरा दिसत होता. जन्मापासून ती आजीच्या ओठांवरचे शब्द वाचत आली होती, आणि आवाज मात्र प्रत्येक वेळी तिने स्वतःचाच लावला होता. तिचं तोंड थोडं उघडं राहिलं.

"आजी अशी बोलायची?" तिने शेवटी विचारलं.

"अशी गायची," पंढरी म्हणाले. "बोलायची तेव्हा तर भांडायचीच."

आता सुरुवातीच्या त्या बोळात परत ये. दोन भिंती होत्या ना? ही जुन्या पद्धतीची रेकॉर्ड. तिच्या दोन्ही भिंतींवर एकच गाणं कोरलेलं असतं, सारख्याच लाटा. आता दांडा रेकॉर्डवर टेकला, की तो फिरता फिरता मधल्या बाजूला ओढला जातो. त्यामुळे सुई आतल्या भिंतीवर जास्त रेलते. वर रुपयाचं ओझं असलं, की आणखी रेलते. आतली भिंत झिजत जाते. आणि आतल्या भिंतीचा आवाज हेडफोनच्या डाव्या कानात येतो, बाहेरच्या भिंतीचा उजव्या कानात. आम्ही दोन कानांची माणसं, झिजलेली आणि शाबूत भिंत एकत्र ऐकत होतो. पंढरींना एकच भिंत ऐकू येत होती, आणि ती नेमकी चांगली होती.

हे मी पोरीला कागदावर काढून दाखवत होतो. पंढरी मागून वाकून बघत होते. बोळ, दोन भिंती, मधे सुई, सुईवर गोल रुपया. माझ्या लक्षात यायला उशीर झाला, की हे चित्र त्यांना काय सांगतंय.

"म्हंजे मीच घासली तिला," ते म्हणाले.

त्यांनी कागदावरच्या रुपयावर बोट ठेवलं.

"हौसेने लावायचो, गुरुजी. दुसऱ्याच्या लग्नात पण लावायचो."

"एक भिंत घासलीत, पंढरीदादा," मी म्हणालो. "दुसरी ठेवलीत."

त्यांनी खिशावर हात ठेवला, रुपया होता तिथे, आणि म्हणाले, "घरी सांगू नको गं, मोने. माझं ऐकून घ्यायची नाय ती आधीच."

"तिला म्हाईत हाय," मोनाली म्हणाली. "ती कदीपासून बोलते, तुज्या रुपयाने माझा गळा कापला म्हणून."

पंढरी इतके हसले, की डोळे पुसावे लागले.

मेहुल फाईल घेऊन गेला. डावी बाजू त्याने टाकून दिली, उजवीच दोन्हीकडे ठेवली. राहिलेले मोठे टकटक आवाज एकेक करून हाताने काढले आणि बारीक खरखर तशीच सोडली. परत आला तेव्हा म्हणाला, "सर, सगळं पुसलं ना, की बाईच पुसली जाते. आता समजलं." शेवटचं कडवं नव्हतं, त्यावरही त्याने तोड काढली होती. "आधीची ओळ कापून शेवटी जोडू? कुणाला कळणार पण नाही."

"नको," पंढरी म्हणाले. "धवला अर्धा सोडत नाय आणि खोटा जोडत पण नाय. शेवटचं कडवं धवलारणीचं स्वतःचं असतं. तिच्या गुरुणीने तिला दिलेलं. बाकीच्या बायांना नाय ते येत."

"मग?"

"मग तिलाच विचारावं लागंल."

मोनालीने घरी आजीला ते ऐकवलं. नर्मदाबाई सुकत टाकलेले बोंबील उलटत होत्या. त्यांनी एकदा ऐकलं, मान डोलावली, ही मीच, आणि ओठांनी विचारलं, पुढचं कुठाय? पुढचं मोडलं, मोनाली म्हणाली. त्यावर त्या पुन्हा खाली वाकल्या, बोंबील उलटत राहिल्या. हे तिने मला फोनवर सांगितलं, आणि मग विचारलं, "सर, त्या तुटलेल्या जागेचं काहीच होत नाय का?" होत नाही, असं मी तिला सांगितलं.

हळदीच्या संध्याकाळी मी दांडीला गेलो. मांडव समुद्राकडे तोंड करून होता. एका बाजूला गावातल्या दिपेशचा डीजे, माणसाच्या उंचीचे काळे खोके. भावना पिवळी साडी नेसून पाटाच्या बाजूला उभी होती, बसली नव्हती. नर्मदाबाई खरंच मागच्या अंगणात होत्या. पंढरी दोनदा मागे जाऊन आले. तिसऱ्यांदा मोनाली गेली आणि आजीचा हात धरून तिला घेऊन आली. तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही. नर्मदाबाई मांडवाच्या कडेला खांबाशी बसल्या, रुमाल नीट केला. मग भावना पाटावर बसली.

दिपेशने मोनालीचा फोन आपल्या यंत्राला जोडला आणि आवाज कमी केला. "एवढाच?" त्याने विचारलं. "एवढाच," पंढरी म्हणाले. ते सवयीने खोक्याजवळ जाऊन उभे होते.

आवाज सुरू झाला. आधी बांगड्या, मग श्वास, मग ती. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायांनी एकमेकींचे हात धरले. पोरं फोन काढून उभी होती, त्यांनी फोन खाली केले. मी दांडीला नवा आलो होतो तेव्हा हाच आवाज ताडावरच्या भोंग्यातून शाळेच्या पडवीपर्यंत यायचा आणि मुलं पाढे म्हणायची थांबायची. नर्मदाबाई जमिनीकडे बघत होत्या. त्यांची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. साखरबाईंचा आवाज आला तिथे बोटं थांबली, त्यांची पाळी आली की पुन्हा सुरू झाली.

मग आवाज जिथे तुटायचा, तिथे तुटला.

भावनाच्या गालाशी गेलेला हळदीचा हात तिथेच राहिला. दिपेशने बटणाकडे बोट नेलं. "थांब," पंढरी म्हणाले.

नर्मदाबाईंचे ओठ हलत होते. आवाज थांबला होता, त्या थांबल्या नव्हत्या. कुणाकडे न बघता त्या पुढचं कडवं म्हणत होत्या, आणि ते कुणालाच ऐकू येत नव्हतं.

मोनाली गर्दीतून वाट काढत गेली आणि आजीच्या समोर जमिनीवर बसली. ओठांकडे बघत तिने पहिले शब्द म्हटले. गायली नाही, धडा वाचल्यासारखे म्हटले. नर्मदाबाई थांबल्या. त्यांनी नातीची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि मान हलवली. चुकलं. गुडघ्यावर ठेका दाखवला, इथे थांबायचं, इथे ओढायचं. मोनालीने पुन्हा म्हटलं. आवाज मधेच फाटला. नर्मदाबाईंनी पुन्हा मान हलवली.

"सोड ना गं पोरीला, नर्मदे," मागून एक म्हातारी म्हणाली. "हळद सुकली."

नर्मदाबाईंनी वळूनही पाहिलं नाही. खोक्यापाशी उभे असलेले पंढरी हळूच वळले, उजवा कान दोघींकडे येईल असे.

मोनालीने ओढणीने तोंड पुसलं, आजीच्या ओठांवर नजर लावली आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.